दत्तूमामांच्या जीपचं इंजिन

मी पदवीधर झालो तो दत्तूमामांमुळे. घाटातल्या वाड्यांवरची माणसं वाहणाऱ्या त्यांच्या जीपमधूनच मी कॉलेजला जात असे. परवा त्या जीपचं इंजिन गॅरेजात उघडलेलं पाहिलं. सिलिंडरची भिंत झिजून आरशासारखी गुळगुळीत झाली होती.

"आणखी एकदा बोअर मारून सिलिंडर आतून तासता येईल," मिस्त्री म्हणाला, "पण भिंत पातळ होईल. घाटात फुटली तर मला बोलू नका. मामा, इंजिन बदला म्हणतोय, घरदार नव्हे!"

"हिचा आवाज आला की वरच्या वाडीतल्या बाया बाजाराच्या पाट्या घेऊन निघतात. दुसरं इंजिन ओळखतील का त्या?" मामा माझ्याकडे वळले. "घरात शिकलेला तू एकटा. तूच सांग."

"कळवतो," एवढंच मी म्हणालो. तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही. आपल्याला वाहता वाहता जे झिजलं, तेच किती चकाकत होतं! त्याला निकामी ठरवण्यासाठी का मी शिकलो?

आज मामांना पत्र टाकलं: "मामा, दुसरं इंजिन बसवा. मागं माणसं बसलेली असतात. नव्या आवाजाची सवय होईपर्यंत प्रत्येक वाडीला हॉर्न द्या. पहिल्या फेरीला मी येतो, खाली उतरून हाका मारीन."