आत्याची चार मिनिटं

जुने सिनेमे कोणते बघावेत, असं माझ्या मुलीने मध्यंतरी फोनवर विचारलं. हिब्रूतच विचारलं, कारण मराठी तिला कळते पण तोंडात येत नाही. मी पाच-सहा नावं सांगितली आणि निम्म्यांबद्दल तिथल्या तिथे इशाराही दिला: गाणी ऐक, बाकी वेळात स्वयंपाक उरक. एका सिनेमाला मात्र असं काही म्हणाले नाही. स्वातंत्र्याच्या आधी मुंबईत निघालेला तो कृष्णधवल सिनेमा आजही पहिल्यापासून शेवटपर्यंत बघावा असा आहे. त्याचं नाव मी इथे लिहिणार नाही. कुणीतरी शोधून काढेल, त्यात चार मिनिटांपुरत्या येणाऱ्या मुलीकडे बोट दाखवेल आणि म्हणेल, हीच का ती. तिला लोकांचं पुरेसं बोलून झालंय.

ती माझी आत्या. माझ्या वडिलांची थोरली बहीण, बिनलग्नाची. आम्ही मराठी ज्यू; मी दहा वर्षांची असताना मुंबई सोडून ज्यूंच्या नव्या देशात, वाळवंटातल्या डिमोना गावी आलो. सरकारने दिलेल्या अडीच खोल्यांच्या घरात, तिथे त्या वसाहतींना 'शिकून' म्हणतात, आत्याची खाट माझ्या खोलीत लागली. दिवसभर ती कापडाच्या कारखान्यात उभी असायची आणि घरी आली की माणसांचे चेहरे तपासायची. तिला तो अधिकार होता, असं तिचं म्हणणं, कारण तरुणपणी तिने सिनेमात काम केलं होतं. एका सिनेमात, एका प्रसंगात. तेवढ्या भांडवलावर तिने अख्ख्या गल्लीला भूमिका वाटल्या होत्या. खालच्या मजल्यावरची रुमानियन बाई "गर्दीतली". प्रार्थना म्हणताना हमाली केल्यासारखा आवाज लावणारे आमचे हझान "साउंड खराब". माझे पप्पा, तिचा सख्खा भाऊ, "पाठीमागून दाखवायचे". आणि मी?

"तुला नर्सचा पार्ट देईन गो," ती म्हणायची. "नर्सच्या तोंडावर मास्क असतो."

मी एकोणीस वर्षांची झाले तेव्हा अश्केलोनहून मला बघायला माणसं आली. आपलीच, ठाण्याकडची. मुलगा बँकेत होता. आईने पुरणपोळ्या केल्या होत्या. मुलाची आई माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली, तर आत्या म्हणाली, "पोरगी चांगली हाय हो. फक्त क्लोजअप घेऊ नका."

सगळे हसले. मुलाची आई सगळ्यात जास्त हसली आणि त्या घरून परत निरोप आला नाही. मी आत्याला त्या दिवसापासून माफ केलं नाही. करायचंही नव्हतं. एकाच खोलीत झोपत असल्यामुळे राग शिळा व्हायला वेळच मिळत नव्हता.

तेव्हा मी आमच्या गावच्या सिनेमागृहात काम करत होते. मुंबईचे जुने सिनेमे तिथे हमखास गर्दी खेचायचे. मोरोक्कोचे लोकसुद्धा हुंदके देऊन बघायचे. पण कित्येक प्रिंटवर हिब्रू अक्षर नसायचं. मग पडद्याच्या बाजूला एक अरुंद पट्टी असायची आणि तिच्यावर दुसऱ्या यंत्रातून हिब्रू वाक्यं पडायची. ती वाक्यं मी लिहायची, पारदर्शक कागदाच्या लांब गुंडाळीवर, आणि खेळ चालू असताना संवाद ऐकत हाताने गुंडाळी फिरवायची. त्यासाठी शुक्रवारी सकाळी ऑपरेटर मला सगळा सिनेमा एकटीला दाखवायचा. हा ऑपरेटर बगदादचा म्हातारा होता, हिंदीचा एक शब्द न कळणारा आणि त्याबद्दल खंत नसणारा.

हिवाळ्यात एका शुक्रवारी आत्याचा सिनेमा आला. तेल अवीवच्या व्यापाऱ्याने पाठवलेल्या डब्यावर नाव वाचून मी घरी सांगितलं होतं. आत्याने एलियाहू हन्नाबीला, आमच्या नवसाला पावणाऱ्या पैगंबराला, नवस केला होता म्हणे: तो सिनेमा या गावात लागला, लोकांनी मला बघितलं, तर मलिदा करीन. रविवारी मलिदा, असं तिने त्याच पावली घरोघरी जाऊन सांगितलं. मलिदा म्हणजे आमचा नवस फेडायचा विधी. गोड पोहे, खोबरं, फळं यांचं ताट, त्यावर प्रार्थना, मग सगळ्यांनी त्यातलं खायचं. त्या ताटासमोर कुणी खोटं बोलत नाही.

शुक्रवारी सकाळी मी रिकाम्या सभागृहात वही घेऊन बसले. मनात एकच इच्छा होती, की आत्या त्यात नसावी. पण ती त्यात निघाली.

नायक आईला शोधत एका घराच्या दाराशी येतो. दार एक तरुण मुलगी उघडते. ती आत्या. आई मेली आहे हे तिला माहीत आहे, त्याला नाही. ती त्याला पाणी देते, तो तहानेने पितो आणि आईबद्दल विचारत राहतो. ती सांगायला तोंड उघडते, मिटते आणि म्हणते की पाणी कोमट होतं, दुसरं आणते. मग आत जाते आणि परत येतच नाही. बस, इतकंच. मी पेन खाली ठेवलं होतं. संपूर्ण सिनेमात तिच्याइतकं खरं कुणी वागत नाही, नायकसुद्धा नाही. आणि ती इतकी देखणी होती की मला स्वतःची लाज वाटली. मग त्या लाजेचीच चीड आली.

सिनेमा संपल्यावर ऑपरेटर खाली आला. शनिवारी संध्याकाळी शब्बाथचा विसावा सुटल्यावर खेळ सुरू व्हायचा आणि साडेनऊला क्षाराच्या कारखान्याची रात्रपाळीची बस सुटायची. लांब सिनेमा असला की अर्धी माणसं शेवट न बघता उठायची आणि दुसऱ्या दिवशी शिव्या घालायची. म्हणून तो दर वेळी काहीतरी कापायचा आणि काय कापायचं ते मला विचारायचा.

"चार-पाच मिनिटं हवीत," तो म्हणाला. "गाणं नको, लोक खुर्च्या फोडतील."

मी वहीत बघितलं. गावच्या जत्रेचा एक लांबलचक विनोदी प्रसंग होता, दर वेळी तसलाच जायचा. मी म्हणाले, "ते दाराशी पाणी देतात ना, ते काढ."

"कुणी मरतं त्यात?"

"नाही."

"गाणं?"

"नाही. काहीच नाही त्यात."

त्याने कात्रीने तेवढा तुकडा काढला, टोकं चिकटवली आणि तुकडा पिंपात टाकला, सिगारेटच्या थोटकांवर. मी घरी गेले आणि आईला शब्बाथच्या स्वयंपाकाला मदत केली. आत्याने विचारलं, "बघितलंस?" मी म्हटलं, उद्या तूच बघ. तिला वाटलं मी गंमत ताणतेय. तिने माझ्या गालाची पापी घेतली.

शनिवारी आत्या मुंबईहून आणलेलं जांभळं रेशमी पातळ नेसून पहिल्या रांगेत बसली. आमची सगळी माणसं तिच्या आजूबाजूला. मी अंधारात गुंडाळी फिरवत होते. नायक आईला शोधत निघाला, आणि पुढच्याच क्षणी तो तिच्या कबरीपाशी रडत होता. आत्या उभी राहिली. मागून कुणीतरी ओरडलं, बस खाली. ती बसली. शेवटपर्यंत ती पडद्याकडेच बघत होती, म्हणजे अजूनही कुठेतरी येईन अशी तिला आशा असावी.

सिनेमा गावात लागला होता, म्हणून नवस फेडणं भाग होतं. निदान आत्याने तसं धरलं. रविवारी घर माणसांनी भरलं, कारण अशी मजा कोण सोडणार. प्रार्थना झाली, पोहे वाटले गेले, आणि एका म्हातारीने तोंडात घास असतानाच विचारलं, "तू कंच्या कोपऱ्यात होतीस गो? माजा चष्मा जुना हाय."

हशा पिकला. आत्या म्हणाली, प्रिंट कापलेली होती. "बरोब्बर तुजाच पार्ट कापला काय?" दुसरी म्हणाली. आत्याने ताटावर हात ठेवला आणि एलियाहू हन्नाबीची शपथ घेऊन सांगितलं, की मी त्या सिनेमात आहे. आता कुणी हसलं नाही. शपथ ही आमच्यात हसण्याची गोष्ट नाही.

पप्पा माझ्याकडे वळले. "तू तर शुक्रवारी अख्खा बघितलास. होती का ही?"

आत्या माझ्याकडे बघत होती, अगदी निश्चिंतपणे. तिचा माझ्यावर विश्वास होता, हे मला अजून सहन होत नाही.

मी म्हणाले, "नाही."

त्या दिवसानंतर तिच्या हातचा मलिदा कुणी घेईना. आमच्या बायका मोठ्याने भांडत नाहीत, नुसती ताटली न खाता शेजारणीकडे सरकवतात. कारखान्यात मोरोक्कोच्या पोरी तिला "स्टार" म्हणून हाक मारू लागल्या. तिने लोकांचे चेहरे तपासणं बंद केलं. मी गंमत बघत होते. खोटं कशाला लिहू, पहिले काही महिने मला बरं वाटलं.

मग माझ्यासाठी ओफाकिमचं स्थळ आलं आणि मुलाकडच्यांनी आडून विचारलं, खोटी शपथ घेणारी ती बाई घरातच राहते का? पप्पांनी आत्याला स्वयंपाकघरात नेलं. दार लावलं होतं तरी ऐकू येत होतं. "एकदा कबूल कर नि संपव. पोरीचं लग्न अडलंय."

आमच्याकडे दारफाळणीच्या सणाआधी, म्हणजे योम किप्पुरच्या आधी, एकमेकांची माफी मागतात. आत्या मशिदीत गेली. आमचे जुने लोक सिनेगॉगला मशीदच म्हणतात. तिथे सगळ्यांसमोर ती म्हणाली, मी कधी सिनेमात नव्हते, ताटावर हात ठेवून खोटं बोलले, माफ करा. बायकांनी तिचे हात हातात घेतले. मी तिसऱ्या बाकावर बसून चपलेचा पट्टा नीट करत होते. पुढच्या उन्हाळ्यात माझं लग्न झालं.

तेरा-चौदा वर्षांनी घरोघरी व्हिडिओ आले. तेल अवीवच्या एका दुकानात मला तोच सिनेमा कॅसेटवर मिळाला. मी ती घेऊन डिमोनाला गेले, पप्पांच्या घरी माणसं जमवली. मला प्रायश्चित्त घ्यायचं होतं, फक्त तोंड न उघडता. कॅसेट पूर्ण होती. दार उघडलं आणि ती मुलगी उभी राहिली. पप्पा म्हणाले, "अरे, ही तर..."

"ही मी नाय," आत्या म्हणाली. "बंद कर ते."

"आत्या, तूच आहेस."

"मशिदीत सांगितलंय मी. दोनदा खोटी ठरू काय? नाय म्हटलं ना!"

माणसं खाली बघत निघून गेली. ती स्वयंपाकघरात कप विसळत होती तिथे मी गेले आणि सगळं सांगितलं: कात्री, पिंप, ताटासमोरचं माझं "नाही". ती नळ बंद न करता ऐकत होती. मला वाटलं मारेल. मारायला हवं होतं.

"तू शुक्रवारी बघितलंस तवा," तिने माझ्याकडे न बघता विचारलं, "काम बरं केलेलं का मी?"

इतक्या वर्षांची सवय अशी, की तिच्यासमोर माझी जीभ आपोआप आखडते.

मी म्हणाले, "ठीक होतं."

त्यानंतर ती दीड वर्ष जगली, आणि ते एक वाक्य दुरुस्त करायला माझ्याकडे ते पूर्ण दीड वर्ष होतं.