मेलच्या खालची जागा

'वॉर्म रिगार्ड्स' हे दोन शब्द कुठंही दिसले की माझं डोकं फिरतं. आमच्या ह्यांना ते कळत नाही. शिरूरला ह्यांचं नळ-पाइपाचं दुकान आहे, तिथलं गिऱ्हाईक फार तर "येतो मालक" म्हणून जातं. हे मला म्हणतात, "मेल संपला म्हंजी संपला. खाली काय लिव्हलंय ते कोण बघतंय?" अहो, बघतात! आमच्याकडं तर तेवढंच बघतात.

मी सणसवाडीला कंपनीत डिस्पॅचला आहे. गाड्यांचे प्लॅस्टिकचे पार्ट आम्ही बनवतो, आणि ते ट्रकमध्ये चढल्यापासून गिऱ्हाइकाच्या दारात उतरेपर्यंतचा सगळा ताप डिस्पॅचचा. सगळ्या शिफ्टना मिळून मेल आयडी एकच. वर साहेबांचा नियम, की मेलखाली कुणी आपलं नाव टाकायचं नाही, फक्त 'डिस्पॅच टीम' लिहायचं. कारण इथं माणसं टिकत नाहीत. दिवाळीला गावाला गेलेला परत येईलच याचा नेम नाही, आणि गिऱ्हाईक मात्र त्याचंच नाव घेऊन वर्षभर भांडत बसतं.

पण 'डिस्पॅच टीम'च्या वरची एक ओळ ज्याची त्याची. त्यामुळं मेल कुणी केला हे त्या ओळीवरून ओळखायचं, अशी रीतच पडून गेली. रिटायर झालेले एक आप्पा 'युवर्स फेथफुली' लिहायचे, त्यांना अख्खा प्लांट फेथफुली आप्पा म्हणायचा. बिहारचा एक पोरगा नुसतं 'थँक्स' लिहायचा, तर गेटवरचा वॉचमनसुद्धा ओरडायचा, "ए थँक्स, तेरी गाडी आयी!" माझं होतं 'थँक्स अँड रिगार्ड्स'. रुजू झाले त्या दिवशी मला कुणाचा तरी जुना मेल उघडून दिला, वरचं पुसून आपलं लिहा म्हणाले. खालचं तसंच राहिलं. त्यानं काही अडतही नव्हतं.

मग ती आली. दौंडची. वडील रेल्वेत, घर ख्रिस्ती, शाळा इंग्रजी माध्यमाची. सणसवाडीतच खोली घेऊन राहायची आणि गुरुवारी सुट्टीला दौंडला जायची. तिला काम मी शिकवलं. बिलावर गाडीचा नंबर कुठं टाकायचा, ड्रायव्हर फोन उचलत नसला तर क्लीनरला कसं गाठायचं, सगळं. "ताई, ताई" करत दिवसभर माझ्या मागं असायची. नाताळात डबाभर करंज्या घेऊन आली. मी एक मुद्दाम नीट चावून खाल्ली, पण इतकी खुसखुशीत, की तिच्यातही खोट काढता येईना.

तिनं पहिला मेल केला तोच 'वॉर्म रिगार्ड्स' लिहून. मी म्हटलं, "हे काय गं नवीन?"

"असंच, ताई. वाचणाऱ्याला जरा बरं वाटतं."

आणि वाटायचं की खरंच! चेन्नईचं गिऱ्हाईक आमचं सगळ्यात मोठं आणि सगळ्यात खडूस. माझ्या मेलला त्यांचं एका शब्दात उत्तर, 'नोटेड'. हिच्या मेलला 'थँक यू सो मच, हॅव अ नाइस डे'. माल तोच, ट्रक तोच, उशीरही तेवढाच. मग मला नाइस डे का नाही? माझा दिवस काय वाटेवर पडला होता? मी जळत होते. सरळ सांगते, जळत होते. कंपनीच्या बसमधून शिरूरला येताना खिडकीशी बसून तिचे मेल परत परत वाचायचे आणि ह्यात एवढं काय आहे म्हणून स्वतःशीच चरफडायचे.

तशात साहेबांनी जाहीर केलं, की चेन्नईच्या कामाला एक कोऑर्डिनेटर नेमायचाय, आणि तो डिस्पॅचमधूनच घेणार. जनरल शिफ्ट, वेगळं टेबल, आणि स्वतःचा मेल आयडी. म्हणजे मेलखाली स्वतःचं नाव. मला ती जागा त्या नावासाठीच पाहिजे होती. माझे वडील, आमचे आबा, मांडवगण फराट्यात पारावर सांगत असतात, "लेक कंपनीत मेल करती, पार मद्रासपातूर." कुणी म्हणालं, दाखवा की एखादा, तर दाखवणार काय? माझं नाव असलेला एकही मेल जगात नव्हता. मी आबांना सांगून टाकलं, "थांबा जरा. माझ्या नावाचा मेल पहिला तुमच्याच मोबाइलवर पाठवते." जागा माझीच होती. अनुभव माझा, शिकवलेलं माझं. पण मनात धाकधूक होती ती हिचीच.

त्याच दिवसांत एका गुरुवारी माहेरी भावाच्या नव्या घराची वास्तुशांत होती. पहिली पंगत बसलेली, मी बुंदी वाढत होते, तेवढ्यात ट्रान्स्पोर्टवाल्याचा फोन. चेन्नईचा ट्रक सोलापूरच्या पुढं बंद पडला, ड्रायव्हरनं माल दुसऱ्या ट्रकमध्ये टाकला, पण बिलावर नंबर जुन्याच ट्रकचा. पुढं राज्याच्या हद्दीवर अडवून ठेवलं. माल वेळेत गेला नाही तर तिकडं त्यांची गाड्या जोडायची लाइन बंद पडणार, आणि इकडं कंपनीला सुट्टी, ऑफिसात चिटपाखरू नाही.

बुंदीचं पातेलं वहिनीच्या हातात दिलं. ती म्हणाली, "अवो ताई, पंगत सोडून कुठं?" मी गोठ्यामागं लिंबाखाली जाऊन बसले. ट्रान्स्पोर्टवाल्याला झापलं, अकाउंटवाल्याला झोपेतून उठवलं, बिलावरचा नंबर बदलून घेतला आणि ट्रक हलला. दुसरी पंगत उठेपर्यंत मी तिथंच होते. मग चेन्नईला मेल लिहायला घेतला. काय झालं, चूक कुणाची, तर आमची, ट्रक आत्ता कुठं आहे, उद्या कधी पोचेल, सगळं लिहिलं. सारवासारव केली नाही. इतका चांगला मेल मी जन्मात लिहिला नव्हता.

आणि शेवटाला आले. अंगठा 'थँक्स'च्या टीवर गेला आणि मनात आलं, एवढा जीव काढून लिहायचं आणि उत्तर काय, तर 'नोटेड'! नाही. आज नाही. बघूच तिच्या दोन शब्दांना काय सोनं लागलंय. टाइप केलं 'वॉर्म रिगार्ड्स', खाली 'डिस्पॅच टीम', आणि दिला पाठवून. हात धुतले आणि उरलेल्यांना बुंदी वाढली. आबांना हळूच म्हटलं, "काम फत्ते झालं."

दुसऱ्या दिवशी माल पोचला. शनिवारी सकाळच्या मीटिंगला साहेब मोबाइल घेऊन उभे राहिले. "चेन्नईचा मेल आलाय. ऐका सगळ्यांनी." साहेबांनी वाचून दाखवलं, की सुट्टीच्या दिवशी ज्या माणसानं आमचा माल सोडवला आणि एवढं स्वच्छ कळवलं, त्या माणसाचे आभार. यापुढं आमचं काम त्याच माणसाकडं द्यावं. नाव आम्हाला माहीत नाही, पण तुमच्याकडं जे 'वॉर्म रिगार्ड्स' लिहितात, ते.

सगळ्यांच्या माना तिच्याकडं वळल्या. टाळ्या. ती गोंधळून उभी राहिली, म्हणाली, "सर, पण मी..." साहेब म्हणाले, "पण-बिण काही नाही. चेन्नई आता तुझं. लाजू नकोस." आणखी टाळ्या. टाळ्या मीही वाजवल्या, करते काय! मी केलाय म्हणून सांगायचं, तर सगळ्यांसमोर हेही सांगायचं, की हिची ओळ मी चोरून लिहिली. मी, जिनं हिला शिकवलं. त्यापेक्षा जमीन फाटली असती तर बरं झालं असतं.

चहाच्या सुट्टीत कँटीनच्या बेसिनपाशी तिनं मला गाठलं. "ताई, गुरुवारी मी दौंडला होते, आत्याकडं. तो मेल माझा नाही. तुम्ही केलात का?"

"मी कशाला करू? तुझं ते वॉर्म-बिर्म माझ्या हातानं लिहीन होय मी?"

"मग कुणी केला?"

"मला काय ठाऊक!"

ती हलली नाही. "ताई, ट्रकचं एवढं सगळं तुमच्याशिवाय कुणाला जमतंय? तुम्ही नुसतं हो म्हणा. मी आत्ता जाऊन साहेबांना सांगते."

नुसतं हो म्हणायचं होतं. पण तिच्या त्या भल्या चेहऱ्याकडं बघून माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला, की आता हिनं दिलेलं घ्यायचं? ही जाणार, ही सांगणार, आणि जागा मला हिच्या मोठेपणातून मिळणार? मी म्हटलं, "चहा गार होतोय तुझा." ती कप उचलून गेली.

पुढच्या आठवड्यात ती वेगळ्या टेबलावर बसली. संध्याकाळी आबांचा फोन आला, "आलं का गं तुझ्या नावाचं मेल? इथं सगळी इच्यारत्यात." मी म्हटलं, "न्हाई अजून, आबा." "मग कवा?" "येईल." हे दुकानातून आले होते, त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि टीव्हीचा आवाज कमी केला.

नव्या आयडीवरून तिचा पहिला मेल डिस्पॅचला आला. कामाचाच होता, उद्याच्या ट्रकचा. मी तो खालूनच वाचायला घेतला. खाली तिचं नाव, आडनावासकट. आणि नावाच्या वर 'थँक्स अँड रिगार्ड्स'.

मी उठून तिच्या टेबलाशी गेले. "हे का बदललंस?"

"तुमचंच घेतलं, ताई," ती म्हणाली. "काम तुमच्याकडून शिकले ना. म्हटलं, तेवढं तरी तुमचं असू दे."

मी जागेवर येऊन बसले. स्क्रीनवर तिच्या नावावर एक बोट ठेवलं आणि माझं नाव मनातल्या मनात त्यावर लिहून बघितलं. बरोबर तेवढ्याच जागेत बसलं असतं.