दगडावरचे चाळीस पेन्स

ही वही कुणाच्या हाती लागलीच, तर माझ्या शुद्धलेखनाला आणि वेड्यावाकड्या अक्षराला क्षमा करा. शाळा चौथीपर्यंतच झाली.

मुलगा कॉव्हेंट्रीच्या हॉस्पिटलात डॉक्टर, म्हणून मी इथे आले. नातीला शाळेत इथल्या जुन्या यादवीचा प्रोजेक्ट होता. राजाचे शिपाई आणि पार्लमेंटचे शिपाई, सगळे इथलेच. त्यांची थडगी बघायला ती शनिवारी मला बसने न्यायची. आमच्यात बायका स्मशानात जात नाहीत. पण पोरीला एकटी कशी सोडणार?

एका खेड्यात चर्चमागे एकच दगड होता. खाली दोन्हीकडचे, बिननावाचे. दगडावर लोकांनी नाणी ठेवलेली.

"एकाच खड्ड्यात? अजून भांडत असतील गं."

"आजी, ते मेला आहे!" नात तिच्या मोडक्या मराठीत म्हणाली आणि हसली.

निघताना कळलं, माझी पर्स बसमध्येच राहिली. पाऊस लागलेला. ड्रायव्हरकडे रदबदली कोण करणार? पोर लहान, आणि मला थँक्यूसुद्धा मोठ्याने म्हणता येत नसे. मी मागे वळले आणि परतीच्या भाड्यापुरती दगडावरची दहा-दहा पेन्सची चार नाणी उचलली.

"आजी, हे चोरी आहे."

"उसने घेतलेत."

घरी येऊन डोक्यावरून न्हाले. तरी दुसऱ्या दिवशी कपडे वाळत घालताना कुंपणाशी चौघे उभे. बुटांना चिखल. चादर बाजूला केली, तर कुणी नाही. भर दुपारी ते येतच राहिले. सर्वपित्रीला त्यांच्या नावाचे चार घास ठेवले. कावळा शिवला नाही. मुलाला सांगितलं असतं तर त्याने गोळ्या दिल्या असत्या. प्रोजेक्ट संपला होता, आणि त्याने आमचं थडग्यांत फिरणं बंदच केलं.

वर्षं गेली. दहा पेन्सची नवी, लहान नाणी निघाली. "जुनी बंद होणार, आई," सून म्हणाली. मेलेल्यांना नवी कशी ओळखू येणार? चार जुनी, मोठी नाणी मी देव्हाऱ्यात ताम्हनाखाली लपवली.

नात युनिव्हर्सिटीला निघाली, तेव्हा तिच्याकडून त्या गावाचं नाव चिठ्ठीवर लिहून घेतलं.

"ते चाळीस पेन्स? अजून?" ती म्हणाली. हसली मात्र नाही.

पुढच्या शनिवारी एकटी गेले. ड्रायव्हरपुढे चिठ्ठी धरली. दगडावर शेवाळ होतं, नाणं एकही नव्हतं. मी चारी नाणी एकेक करून ठेवली.

"घ्या बाबांनो. मोजून घ्या."

परतीचं भाडं रुमालाच्या गाठीत वेगळं बांधलेलं होतं. मागे न बघता बसमध्ये चढले. चाळीसच्या चाळीस पेन्स फिटले.