जुवावरची सीतेची वेणी
ओल्या काथ्याचा वास आला की राजूरचं माहेर आठवतं. इंग्रज अजून गेले नव्हते, आणि नवऱ्याने टाकलं म्हणून मी तिथे परतले होते. वादळात पडलेल्या आंब्याच्या फांदीवरची सीतेची वेणी, झाडाच्या सालीवर वाढणारं ते फुलझाड, मी उचलून आणली, बैलांच्या मोडक्या जुवाला काथ्याने बांधून ओसरीत टांगली. वहिनी म्हणाली, "घरात एक बांडगूळ हाय, ते पुरं न्हाई व्हय?" मी गाठ आवळत म्हटलं, "बांडगूळ झाडाचा रस पितं, वहिनी. ही नुसती धरून ऱ्हाते, हवेवर जगते." तिने ते जू उकिरड्यावर टाकलं; मी पुन्हा आणून टांगलं. पुढच्या ज्येष्ठात जांभळट तुरा लोंबला. टाकलेल्या बाईने नटायचं नसतं, म्हणून मी तो अंबाड्यात खोवून भर बाजारातून फिरले. आज ते जू वेणीसकट माझ्या स्वतःच्या घराच्या दारात मुद्दाम खाली टांगलंय; येणाऱ्याला वाकूनच आत यावं लागतं.