गुरुजींची हार
कापराचा वास आला की इंदरगंजातलं दत्ताचं देऊळ आठवतं. माझी धाकटी बहीण तापात गेल्यापासून नास्तिक वडील दर गुरुवारी मला घेऊन तिथे जात, आरतीनंतर गुरुजींशी देवावरून वाद घालत आणि जिंकून परतत. मग राज्यांची पुनर्रचना झाली आणि वडिलांची कचेरी भोपाळला हलली. शेवटच्या गुरुवारी त्यांच्या हातावर पेढा ठेवत गुरुजी मायेने म्हणाले, "चला, आज तुमचंच खरं. देव नाही." वडील पांढरेफटक पडले. टांग्यात बसेपर्यंत मुठीतल्या पेढ्याचा भुगा झाला होता. म्हणाले, "आपली पोर कुठेतरी आहे, एवढं त्यांनी मला पटवायचं होतं रे." माझी बायको गेल्यापासून मीही देवळात जाऊन वाद घालतो. अजून जिंकतोच आहे.