दाराच्या रकान्यातलं रक्त

माझ्या थोरल्या बहिणीच्या डाव्या भुवईवर तीन टाक्यांची खूण आहे. ती मी केली. कुणी विचारलं तर ती "कपाटाचं दार लागलं" म्हणते. मला असलं झाकून ठेवणं जमत नाही, म्हणून सांगतो.

ताई जनावरांची डॉक्टर. आम्ही दोघं एकाच कत्तलखान्यात. ती पांढऱ्या कोटात मांस तपासून शिक्का मारायची, मी सुरी घेऊन पोटाच्या बाजूला. पोटाची बाजू म्हणजे टांगलेली मेंढी उभी फाडून आतडी आणि गर्भाची पिशवी बाहेर ओढायची जागा. गाभण मेंढी आली की पिशवी फुटून पाणी थेट तोंडावर उडायचं. थुंकायचं आणि पुढची ओढायची. दिवसाला दीडशे. अकरा वर्षं मी हेच केलं.

मग ताप सुरू झाला. सकाळी ठणठणीत, संध्याकाळी गादी भिजेल एवढा घाम, आणि सांधे कुणी आकड्याने उचकटतंय असे दुखायचे. सकाळी बरा दिसणारा माणूस आजारी आहे, हे मुकादमाच्या बापालाही पटलं नसतं. एकदा सुरी हातातून निसटली तेव्हा त्याने पाठीत लाथ घातली आणि मला दारावर बसवलं, कातडी मोजायला. आमच्याकडची रीतच ती. दारावर हमाल, पहारेकरी असायचेच; ज्याचा हात चालेना, तोही तिथेच. माझा दोस्त वटवट्याही असाच तिथे आला. कापायला आणलेल्या मेंढीशीही गप्पा मारणारा माणूस तो.

त्याच वर्षी, पंचेचाळिशीत, ताई शिकायला लागली. जनावरांचा रोग माणसात कसा येतो हे शोधायचं तर कुणाला निवडायचं, काय विचारायचं, तुलना कुणाशी करायची, याचा दर रविवारी वर्ग असायचा. त्यांचे सर म्हणायचे, "शितावरून भाताची परीक्षा करा, पण शीत कुठल्या पातेल्यातलं आहे ते आधी बघा." ताईने ते वहीत लाल शाईने लिहून ठेवलं. लिहूनच ठेवलं.

पहिल्या अभ्यासाला तिने आमचा ताप घेतला. "पोटाकडचे साठ, दारावरचे साठ," ती मला म्हणाली. "हा ताप गाभण जनावराच्या पाण्यातून येऊ शकतो, कच्च्या दुधातूनही. सगळ्यांचं रक्त तपासायचं. पोटाकडे रोग जास्त निघाला तर मालकाला हातमोजे, चष्मे, औषध सगळं द्यावं लागेल. आणि तुम्हाला कामचुकार म्हणायची कुणाची छाती होणार नाही." बरं वाटलं. निदान आपलं एक माणूस कोटवाल्यांत आहे, असं वाटलं.

माझा नंबर आला. "सध्या काम कुठे?" तिने कागदावरून वाचलं.

"तुला माहीत नाही?"

"भाऊ म्हणून नाही विचारत. सगळ्यांना एकच प्रश्न, त्याच शब्दांत. पदरचं काही घालायचं नाही."

"दारावर," मी म्हणालो. तिने दाराच्या रकान्यात खूण केली आणि दंडात सुई खुपसली. मागून वटवट्या सुरू झाला, "बाई, मी आधी..." तिने त्याला थांबवलं. "विचारलं तेवढंच सांगा."

निकाल आला. पोटाकडचे नऊ, दारावरचे नऊ. ताईने जे दिसलं ते लिहिलं, की तापाचा आणि कामाचा संबंध दिसत नाही. मुकादमाने तो कागद फाटकावर डकवला. "घरी कच्चं दूध ढोसता आणि बोंब आमच्या नावाने! ज्याला ताप, त्याने उद्यापासून यायचं नाही."

वटवट्याने कागद टरकावला. मुकादमाने भिंतीवरचा लोखंडी आकडा उचलून फिरवला, आणि तो वटवट्याच्या डोळ्यात गेला. तो आवाज मला ओळखीचा होता, दिवसाला दीडशे वेळा ऐकलेला. वटवट्या ओरडलासुद्धा नाही. खाली बसला, आणि बोटांच्या फटींतून रक्त कातड्यांवर सांडायला लागलं. दात घशात घालीन असं लोक नुसतं म्हणतात. मी मुकादमाचे खरोखर घातले. दोन गेले, तिसरा माझ्या मुठीत रुतला. मग चौघांनी मला लाथा घालत फाटकाबाहेर फेकलं.

घरी ताई नुकती जेवायला बसत होती. "अरे, काय झालं?" म्हणाली. मी तिच्यासमोरचं ताट उचललं आणि फेकलं. कड डाव्या भुवईवर लागली.

"अकरा वर्षं पोटं फाडली मी! तुझ्या कागदावर मात्र दारवान! वटवट्याही दारवान! आम्ही दारावर आलो कशाने, ते विचारलंस?"

ती रडली नाही. टॉवेल कपाळाला दाबून म्हणाली, "पुन्हा बोल. सावकाश." मी बोललो. दारावरच्या नऊ आजाऱ्यांपैकी एकेकाचं आधीचं काम तिने मला विचारलं. नऊच्या नऊ आधी पोटाकडचे निघाले. टॉवेल लाल होत चालला होता, तिचं लक्ष नव्हतं. "रक्ताने माखून घरी यायचास," ती म्हणाली. "मला माहीत होतं रे. माहीत असून मी विचारलं नाही." मला तिची दया आली आणि त्याच वेळी दुसरं ताट फेकावंसं वाटलं.

टाके घेऊन ती पुन्हा कामाला लागली. एक प्रश्न बदलला: ताप पहिल्यांदा आला तेव्हा काम कुठे होतं? काम सोडून गेलेल्यांच्या घरीही गेली. एक्केचाळीस रोगी निघाले, त्यांतले सदतीस पोटाकडचे. हातमोजे आले, चष्मे आले, औषध मिळालं, माझा ताप गेला. मुकादम तुरुंगात गेला. महिनाभर मीही जाऊन आलो.

वटवट्याच्या घरी जायचं तिने शेवटपर्यंत टाळलं होतं. अखेर गेली तेव्हा मला सोबत नेलं. डोळ्यावर पट्टी बांधून तो खाटेवर बसला होता. बोलणं जवळजवळ बंद झालं होतं त्याचं. ताईने कागद काढला आणि नवा प्रश्न वाचला.

"पोटाकडे," तो म्हणाला.

तिने खूण केली, रक्त घेतलं. त्याने दंडावर कापूस दाबून धरला.

"झालं, बाई?"

"झालं."

"एवढंच? मग तेव्हा विचारलं असतंत तरी एवढाच वेळ लागला असता."

ताई "हो" म्हणाली. दुसरं काय म्हणणार?