दुसरी शिट्टी

निकम मास्तर बोलत तेही शिट्टी दातांत धरूनच. पितळेची, कडेला चेपलेली, काळ्या गोफात ओवलेली ती शिट्टी त्यांच्या ओठांच्या डाव्या कोपऱ्यात असे आणि शब्द उजव्या कोपऱ्यातून बाहेर पडत. जेवताना आणि देवाला हात जोडताना ती गळ्यात लोंबे. ती दातांतही नाही आणि गळ्यातही नाही, असं मी सहा वर्षांत एकदाच पाहिलं. ते मी पुढे सांगणारच आहे. ते सांगायला इतकी वर्षं लागली, म्हणून थोडं सावकाश सांगतो.

आमच्या हायस्कुलात ते कवायतीचे मास्तर होते. पहिल्या महायुद्धात पलटणीबरोबर इराकात, बसऱ्याला जाऊन आलेले. तिथल्या छावणीत कुणा गोऱ्या डॉक्टरने बऱ्या होत चाललेल्या शिपायांना बास्केटबॉल खेळायला लावला होता. पेन्शन घेऊन निकम हवालदार परतले ते हा खेळ घेऊनच. शाळेमागच्या मुरमाच्या पटांगणात त्यांनी बाभळीचे दोन खांब रोवले, लोहाराकडून कड्या करून घेतल्या आणि उंच मुलं हेरायला सुरुवात केली. मी उंच होतो, एवढीच माझी पात्रता. चष्मा दोऱ्याने डोक्याला बांधून मी बचावाला उभा राही. मला ते "पुस्तक" म्हणत. "पुस्तक, मिटून उभा ऱ्हाऊ नको. हात पसर."

इतर शाळांत नेम शिकवत, आमच्याकडे आधी थांबणं शिकवलं जाई. एक शिट्टी झाली की जिथे असाल तिथे पुतळा. दुसरी होईपर्यंत हलायचं नाही. "पाय हवेत आसंल तर हवेतच ठेवायचा," मास्तर म्हणत. कुणी हसलं तर तेही हसत, पण पुढच्या वेळी शिट्टी होताच पाय खाली टेकवणाऱ्याला पटांगणाला फेऱ्या घालायला लावत. हा सराव पटांगणापुरता नव्हता. मंडईत, तळ्याच्या काठी, चारभिंतीच्या टेकडीच्या चढावर मास्तर कुठूनही उगवत आणि शिट्टी फुंकत. आमच्या संघातला देशमुख एकदा हातात मेथीची जुडी आणि तोंडात पेरूचा घास घेऊन भर बाजारात थिजला होता. भाजीवाली म्हणाली, "आवं मास्तर, पोराला सोडा की. माझं गिऱ्हाईक आडलंय."

का थांबायचं, ते त्यांनी एकदाच सांगितलं. बसऱ्याकडच्या एका चढाईत साहेबाने शिट्टी मारली. मास्तर थांबले. त्यांच्या शेजारी धावणारा, त्यांच्याच गावचा, थांबला नाही. पुढे आपल्याच तोफांचे गोळे पडत होते. "त्यो माज्याहून चपळ व्हता," मास्तर म्हणाले. "चपळाईनंच गेला. मी शिट्टीनं ऱ्हायलो." मग बराच वेळ त्यांनी शिट्टीवरून अंगठा फिरवला. आम्ही पुन्हा विचारलं नाही.

हे थांबणं ज्याला पुरतं साधलं तो शंकर यादव. कराडच्या अलीकडच्या एका वाडीतला, शिक्षणासाठी सातारला मामाकडे राहिलेला. धावण्यात जिल्ह्यात त्याला तोड नव्हती आणि थांबण्यातही. एकदा तो सायकलवरून उतारावर येत होता. मास्तरांनी गंमत म्हणून शिट्टी वाजवली. शंकरने पायडल मारणं थांबवलं, ब्रेकही दाबला नाही, आणि तसाच ताठ बसून सायकलीसकट गटारात गेला. दुसरी शिट्टी होईपर्यंत गटारातून उठला नाही. मास्तरांचे डोळे हसून पाणावले. "थांबणं शिकावं तर ह्या यादवाकडनं," ते म्हणाले. पुढे वर्षभर त्यांनी हे वाक्य प्रत्येक नव्या मुलाला ऐकवलं.

बेचाळीसच्या ऑगस्टनंतर आमच्या भागात दिवस बदलले. तारा तुटत होत्या, चावड्यांचे कागद जळत होते, गावोगावची माणसं रानात नाहीशी होत होती. शंकरचा थोरला भाऊ त्यांच्यात गेला. शंकर सुट्टीत घरी गेला की भावाला भाकरी पोचवतो, असं आम्हाला वाटे. तो बोलत नसे, आम्ही विचारत नसू.

त्या हिवाळ्यात सामन्यांचा हंगाम सुरू झाला, तसा छत्रीवाला दिसू लागला. ऐन थंडीत, निरभ्र आभाळाखाली, मिटलेली छत्री मांडीवर घेऊन एक माणूस प्रेक्षकांत बसे. सातारच्या पहिल्या सामन्याला आम्हाला तो कुणाचा तरी पालक वाटला. कराडला तो पुन्हा दिसला. टाळ्या वाजवत नसे. चेंडू कुठेही असला तरी त्याची नजर शंकरवर असे. भावाचा माग काढायला ठेवलेला पोलिसांचा माणूस, हे आम्हाला कळून चुकलं.

"मास्तर, त्यो छत्रीवाला आलाय," शंकर म्हणाला.

"येऊ दे. खेळ बघाया आलाय."

"खेळ कुठं बघतोय त्यो?"

मास्तरांनी शिट्टी या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात नेली. "तू चेंडू बघ," म्हणाले.

हेडमास्तरांनी मास्तरांना बोलावून घेतलं. यादवला संघातून वगळा, शाळेवर बालंट नको, असं सांगितलं. मी वर्गाच्या वह्या ठेवायला बाहेर उभा होतो. मास्तरांचा आवाज स्वच्छ ऐकू आला, म्हणजे शिट्टी गळ्यात होती. "सायेब, घरी बसला तर घरातनं उचलत्याल. चारचौघांत खेळतोय तवर त्याला कोण हात लावतंय? खेळ संपूस्तवर त्यो माजा."

त्यांचा यावर खरोखर विश्वास होता. खेळाच्या रेषेच्या आत सरकारही येत नाही, असं त्यांना वाटे. मलाही वाटलं.

शेवटचे सामने सांगलीला होते. कॉलेजच्या आणि हायस्कुलांच्या संघांची तिथे एकाच मैदानावर गाठ पडे. सांगली तेव्हा संस्थानात, इंग्रजांच्या पोलिसांचं राज्य तिथे नव्हतं. सातारची हद्द ओलांडली, आता छत्रीवाला सुटला, असं म्हणत आम्ही गाडीत शेंगा खाल्ल्या. देशमुखाने शंकरला चिडवलं, "गड्या, तुझा चाहता मागं ऱ्हायला. रडंल बिचारा." शंकरही हसला. मास्तर खिडकीबाहेर बघत होते. पुलावरून कृष्णा दिसली तेव्हा त्यांनी पाण्याला हात जोडले, आणि हात खाली घ्यायला त्यांना जरा वेळ लागला.

मैदान नदीच्या अंगाला होतं. एका बाजूला फाटक, दुसऱ्या बाजूला बांध आणि बांधापलीकडे उसाचं रान. समोर सांगलीच्या कॉलेजचा संघ, आमच्याहून दांडगा. मध्यंतरापर्यंत शंकरमुळे आम्ही पुढे होतो. लोक त्याचं नाव घेत होते. मी चष्मा पुसून वर पाहिलं तर फाटकात सातारचा फौजदार उभा होता, बरोबर दोन शिपाई, आणि त्यांच्यामागे छत्री.

मास्तरांनीही पाहिलं. ते शंकरजवळ गेले, त्याच्या खांद्यावर पंचा टाकला आणि हळू म्हणाले, "पाणी प्यायला नदीवर जा. उसातनं. परत येऊ नको."

"आन् सामना?"

"सामना मी बघतो. जा लेकरा."

शंकर चालत निघाला. मास्तर फाटकाकडे गेले. फौजदारासमोर त्यांनी शिट्टी तोंडातून काढून, गोफासकट, कोटाच्या खिशात घातली, टाचा जुळवल्या आणि कडक सलाम ठोकला. वरिष्ठासमोर तोंडात काही धरून उभं राहायचं नाही, ही पलटणीतली रीत. मग ते बोलत राहिले. पलटण, बसरा, पेन्शन. फौजदार जुना माणूस, मान देऊन ऐकत होता. मी मैदानाच्या मधोमध उभा राहून दोन्हीकडे बघत होतो. एकीकडे मास्तरांची ताठ पाठ, दुसरीकडे शंकरचा पांढरा बनियन, बांधाकडे लहान लहान होत जाणारा. तो आता पळत होता. ऊस अगदी हाताशी आला होता.

बांधावर एक शिपाई आधीच उभा केलेला होता. तो बराच लांब होता. शंकर पळतोय हे बघून त्याने आपल्या जोडीदारांना हाक म्हणून शिट्टी मारली. थांबवण्यासाठी नव्हतीच ती. त्या अंतरावरून शंकरला धरणं कुणाच्या बापाला जमलं नसतं.

शंकर थांबला.

एक पाय पुढे, टाच उचललेली, दोन्ही हात छातीशी, चेंडू धरल्यासारखे. उसाची पानं त्याच्या खांद्याला लागत होती. त्याने मान वळवून मैदानाकडे पाहिलं. तो दुसऱ्या शिट्टीची वाट बघत होता.

मास्तरांनी वळून पाहिलं तोवर शिपाई अर्ध्यावर आला होता. त्यांनी खिशात हात घातला. गोफ आतल्या कशात तरी अडकला. त्यांनी खिसा फाडून शिट्टी ओढली आणि फुंकली. त्यांची शिट्टी आम्ही हजारांत ओळखली असती. ती ऐकून शंकरने पाऊल टाकलं, पण एकच. तोवर शिपाई त्याच्याजवळ पोचला होता. तो धावलासुद्धा नव्हता, चालत गेला होता.

फौजदार मास्तरांना म्हणाला, "हवालदार, तुम्ही जुने माणूस म्हणून मी हे बघितलं नाही."

 सामना पुढे खेळला गेला. आम्ही हरलो, किती गुणांनी ते मला आठवत नाही.

शंकरने भावाचा ठिकाणा सांगितला नाही. तेवढंच आमच्यापर्यंत आलं. पावसाळ्यात तुरुंगात ताप येऊन तो गेला. मास्तर त्याच्या वाडीला गेले तेव्हा देशमुख आणि मी बरोबर होतो. त्याची आई चुलीपुढे बसली होती. रडून झालेली. तिने एकच विचारलं.

"मास्तर, माजं पोरगं पळाया लागलं की वाऱ्याचं ऐकत नव्हतं. मग थांबलं कसं?"

मास्तर म्हणाले, "मी शिकवलं व्हतं, आक्का."

 तिने उठून त्यांना पाण्याचा तांब्या दिला. परतीच्या वाटेवर मास्तर पुढे चालत होते. शिट्टी दातांत होती.

पुढच्या हंगामात त्यांनी शिकवणं बदललं. शिट्टी झाली की आता मुलांनी आधी मान वळवायची. "कुणी वाजवली ते बघा. मग थांबायचं का न्हाई ते ठरवा." खेळात याला अर्थ नाही. पंचाची शिट्टी ही पंचाचीच असते. मास्तरांची मुलं क्षणभर उशिरा थांबत, पंच चिडत, चेंडू दुसऱ्या संघाला जाई. त्यांचा संघ पुन्हा सांगलीपर्यंत पोचला नाही. दुसऱ्या शाळांचे मास्तर हसत. मी कॉलेजातून सुट्टीला आलो की पटांगणावर जाई. "आसं कसं चालंल, मास्तर?" असं देशमुखाने एकदा विचारलं, तर ते म्हणाले, "सामनं हारू दे की. पोरं घरी जात्यात न्हवं?"

स्वातंत्र्यानंतर दोनेक हिवाळे गेले आणि मास्तर झोपेतच वारले. त्यांना मुलगा नव्हता. त्यांना उचलायला आम्ही होतो. तिरडीला पुढे देशमुख आणि मी, मागे त्यांच्या शेवटच्या संघातली दोन मुलं. माहुलीच्या स्मशानाच्या वाटेवर नाक्याजवळ एक बस येत होती. तिथल्या पोलिसाने आम्हाला पाहिलं, टोपी काढली आणि वाट मोकळी करायला बसकडे हात करून शिट्टी मारली.

मागच्या मुलांनी माना वळवल्या, पोलीस पाहिला आणि ती चालत राहिली. पुढे देशमुख आणि मी जागच्या जागी थांबलो होतो. मागून रेटा बसला, तिरडी हलली, तरी पाय उचलेनात. मी देशमुखाकडे पाहिलं. त्याचा उजवा पाय पुढे होता, टाच उचललेली.

"चला की," मागून एक मुलगा हळू म्हणाला. "पोलीस हाय. आपल्यासाठी गाडी थांबवलीया."

आम्हाला ते कळत होतं. पोलिसाला वाटलं, आमच्या लक्षात आलं नाही. त्याने पुन्हा शिट्टी वाजवली, आणि मग आम्ही मास्तरांना घेऊन निघालो.